रोबोची चाके : एका निवडीचा इतिहास

विद्यार्थ्यांचा गट स्पर्धेसाठी रोबो करायला बसला की पहिला वाद बहुधा चाकांवरून होतो. कुणाला गेल्या वर्षी जिंकलेल्या संघाची तिरप्या रुळांची चाके हवी असतात, कुणाला रणगाड्यासारखे पट्टे हवे असतात, तर कुणाच्या मते दोन मोटारी आणि दोन चाके पुरेशी असतात. रोबोचा हात कसा असावा, वस्तू कशी उचलावी, चेंडू कसा फेकावा याची चर्चा त्यानंतर सुरू होते. हा क्रम योग्यच म्हणावा लागेल. हात मोडलेला रोबो मैदानात निदान प्रतिस्पर्ध्याची वाट अडवू शकतो. चाके अडलेला रोबो मात्र काहीच करू शकत नाही.

मोटार, गिअर, साखळी किंवा पट्टा, आस आणि शेवटी चाक अशा या साऱ्या व्यवस्थेला 'ड्राइव्हट्रेन' म्हणतात. आपण तिला चालनयंत्रणा म्हणू. तिचे अनेक प्रकार आज तयार मिळतात, आणि त्यामुळेच निवड अवघड झाली आहे. कोणता प्रकार 'सर्वांत चांगला' असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि ते का नाही हे समजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे या यंत्रणांचा इतिहास पाहणे. प्रत्येक यंत्रणा कुठल्या तरी विशिष्ट जमिनीवरच्या विशिष्ट अडचणीतून जन्माला आली आहे. ती अडचण आपल्यापुढे नसेल, तर तिच्यावरचा उपाय आपल्या उपयोगी पडेलच असे नाही.

वळणाचा जुना प्रश्न

सरळ जाणे चाकाला सोपे असते. अडचण येते ती वळताना. बैलगाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. बैलगाडीची आस गाडीला पक्की असते आणि दोन्ही चाके तिच्यावर स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे हा फरक आपोआप भरून निघतो. शिवाय चाके गाडी ओढत नाहीत, ओढतात बैल. चाकांनीच गाडी ढकलायची ठरवली, म्हणजे इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना द्यायची ठरवली, की प्रश्न उभा राहतो : दोन्ही चाकांना शक्ती तर मिळाली पाहिजे, पण त्यांचा वेग सारखा असून चालणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ साली दिले. वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी त्याने 'डिफरन्शियल' गिअरचे पेटंट घेतले. एका आसेची शक्ती दोन चाकांत वाटणारी आणि तरीही दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी चाकांची जुळणी आजही मोटारगाड्यांत असते.

पुढच्या चाकांचा प्रश्न त्याआधीच सुटला होता. वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त कोनातून वळले पाहिजे, नाही तर दोहोंपैकी एक फरफटते. म्युनिकमधील घोडागाड्या बांधणारा गेऑर्ग लँकेनस्पर्गर याने यासाठी दांड्यांची एक सोपी रचना शोधली. १८१८ साली तिचे इंग्लंडमधील पेटंट त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ अॅकरमन याने घेतले, आणि रचनेला नाव पडले ते अॅकरमनचे.

मोटारगाडीची ही चालनयंत्रणा लांबच्या रस्त्यासाठी उत्तम आहे. वेगात ती स्थिर असते, टायर कमी झिजतात. पण तिला जागच्या जागी फिरता येत नाही. अरुंद गल्लीत गाडी वळवताना चालकाला किती वेळा पुढेमागे करावे लागते हे आपण रोज पाहतो. स्पर्धेचे मैदान म्हणजे अशी अरुंद गल्लीच, आणि वेळ असतो दोन-तीन मिनिटांचा. म्हणूनच मोटारगाडीसारखा वळणारा रोबो स्पर्धेत क्वचितच दिसतो.

रणगाड्याची रीत

दुसरी वाट शेतातून आली. कॅलिफोर्नियात सॅन वाकीन नदीच्या मुखाजवळची जमीन इतकी मऊ होती की वाफेचे जड ट्रॅक्टर तिच्यात रुतून बसत. चाके रुंद करून पाहिली, तरी भागेना. स्टॉकटन येथील बेंजामिन होल्ट याने नोव्हेंबर १९०४ मध्ये ट्रॅक्टरची मागची चाके काढून त्यांच्या जागी लाकडी पाट्यांचे फिरते पट्टे बसवले. वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरले, दाब कमी झाला आणि ट्रॅक्टर चिखलातून चालू लागला. पट्ट्यांचे काम काय, याचे उत्तर या प्रसंगात आहे : मऊ जमिनीत न रुतणे आणि खड्डे ओलांडणे.

पण पट्ट्यांवरची गाडी वळवायची कशी? एका बाजूचा पट्टा जोरात आणि दुसऱ्या बाजूचा हळू चालवला की गाडी हळू बाजूकडे वळते. तत्त्व सोपे आहे. ते अमलात आणणे सुरुवातीला अतिशय कष्टाचे होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील फ्लेर गावाजवळ ब्रिटिशांनी रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरवला. त्या 'मार्क १' रणगाड्यात आठ माणसे असत आणि त्यांपैकी चार केवळ तो चालवण्यात गुंतलेली असत : एक चालक, ब्रेक सांभाळणारा अधिकारी, आणि दोन्ही बाजूंचे गिअर बदलणारे दोघे. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे. खाणाखुणा करून काम चाले. वॉल्टर विल्सन याने नव्या प्रकारचे गिअर बसवले, आणि १९१८ मध्ये आलेला 'मार्क ५' रणगाडा एकच माणूस चालवू लागला.

ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. जमिनीवरची चाल तीच, पट्टेही जवळजवळ तेच. बदलले ते चालवण्याच्या सोयीचे गणित. यंत्र कागदावर काय करू शकते आणि ते चालवणारा माणूस ऐन धांदलीत त्याच्याकडून काय करून घेऊ शकतो, यांत फार मोठे अंतर असू शकते. रोबो-स्पर्धेत हेच अंतर अनेक संघांना नडते.

प्रयोगशाळेतील कासवे

दोन बाजूंना दोन वेगळ्या गती ही कल्पना रोबोंनी उचलली, पण पट्टे टाकून दिले. प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवर त्यांची गरज नव्हती. दोन मोटारींवर दोन चाके आणि तोल सांभाळायला एखादे मोकळे फिरणारे चाक एवढ्यावर काम भागले. मोटार प्रत्येक चाकाला स्वतंत्र असल्याने पेकरच्या गिअरचीही जरुरी राहिली नाही.

या साधेपणाचे मोल शिक्षकांना विशेष कळावे असे एक उदाहरण आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेचे सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. १९७० च्या सुमारास तिच्या आज्ञांवर चालणारे एक यंत्र-कासव त्यांनी जमिनीवर सोडले. 'शंभर पावले पुढे जा', 'नव्वद अंश उजवीकडे वळ' अशा आज्ञांनी ते कागदावर चित्र काढत असे. त्याच्या दोन चाकांच्या बरोबर मध्ये पेन होते. दोन्ही चाके समान वेगाने उलटसुलट फिरली की कासव त्या मध्यबिंदूभोवती फिरते आणि पेन जागचे हलत नाही. त्यामुळे मुलांच्या मनातील 'पुढे' आणि 'वळ' या दोन स्वतंत्र क्रिया यंत्रातही स्वतंत्र राहिल्या. मोटारगाडीसारखे कासव केले असते तर वळताना पुढेही जावे लागले असते आणि चौकोनाचे कोपरे गोल झाले असते.

या कासवाला नाव मिळाले ते ब्रिटनमधील मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांच्या यंत्र-कासवांवरून. वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये ब्रिस्टल येथे 'एल्मर' आणि 'एल्सी' ही प्रकाशाकडे जाणारी यंत्रे केली होती. त्यांची चाल मात्र वेगळी होती. तीन चाकांपैकी पुढचे एकच चाक ढकलण्याचे आणि वळवण्याचे अशी दोन्ही कामे करी. ही दुसरी कल्पनाही लक्षात ठेवावी, कारण तिचा वंश पुढे फार वाढला.

आडवे सरकणारे चाक

आतापर्यंतच्या साऱ्या यंत्रणांत एक उणीव आहे. त्यांना बाजूला सरकता येत नाही. कपाटासमोर उभा असलेला माणूस एक पाऊल डावीकडे टाकतो. दोनचाकी रोबोला त्यासाठी वळावे, पुढे जावे आणि पुन्हा वळावे लागते.

चाकाच्या कडेवरच छोटे रूळ बसवले तर? मोठे चाक पुढेमागे ढकलेल आणि रूळ त्याला आडवे घरंगळू देतील. जे. ग्राबोविएकी यांना अशा चाकाचे पेटंट अमेरिकेत १९१९ सालीच मिळाले होते. १९७४ मध्ये नासातील अभियंते जोसेफ ब्लूमरिख यांनीही सर्व दिशांना जाणाऱ्या चाकाचे पेटंट मिळवले. अशा चाकांना आज 'ओम्नी' चाके म्हणतात. तीन किंवा चार ओम्नी चाके वर्तुळावर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवली की रोबो न वळता कुठेही जाऊ शकतो. २००० साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संघाने 'रोबोकप' या रोबो-फुटबॉलच्या छोट्या गटात अशी चाल आणली आणि विजेतेपद मिळवले. चेंडूपर्यंत पोचता पोचता गोलाकडे तोंड फिरवणे त्यांच्या खेळाडूंना जमू लागले.

१९७० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमधील 'मेकॅनम' या कंपनीतील अभियंते बेंग्ट इलॉन यांनी रूळ ४५ अंशांत तिरपे बसवले. हेच मेकॅनम चाक. त्याचे अमेरिकी पेटंट १९७५ चे आहे. त्याची मौज अशी की चार चाके मोटारगाडीप्रमाणे एकमेकांना समांतरच असतात. तिरप्या रुळांमुळे प्रत्येक चाकाचा जोर जमिनीवर तिरका पडतो. चारही चाके पुढे फिरवली की डावीउजवीकडचे जोर एकमेकांना छेदतात आणि गाडी पुढे जाते. एका कर्णावरची दोन चाके पुढे आणि दुसऱ्या कर्णावरची दोन मागे फिरवली की पुढचेमागचे जोर छेदले जातात आणि गाडी आडवी सरकते. सदिशांची बेरीज शिकवायला याहून चांगले साधन क्वचितच मिळेल. १९८० च्या दशकात अमेरिकी नौदलाने या चाकांवर संशोधन केले. जहाजावरील अरुंद जागेत जड माल हलवणाऱ्या गाड्यांसाठी त्यांना ती हवी होती.

पण या मोकळेपणाची किंमत मोजावी लागते. आदर्श मेकॅनम चाकाला जमिनीची पकड रुळाच्या आसेच्या दिशेनेच मिळते, म्हणजे ४५ अंशांत. तिचा पुढच्या दिशेचा घटक काढायचा तर ४५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.७१ ने गुणावे लागते. वजन तेच, रबर तेच, तरी अशा गाडीचा पुढे ढकलण्याचा जोर फार तर ७१ टक्के भरतो. शिवाय चारही चाके जमिनीला टेकलेली हवीत. एक चाक उचलले गेले की जोरांचे गणित बिघडते आणि गाडी तिरकी जाते.

एका प्रयोगशाळेतील तीन रोबो

या देवघेवीचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात घडले. हान्स मोराव्हेक हे तेथील रोबो-संशोधक. त्याआधी स्टॅनफर्डमध्ये असताना, १९७९ साली, त्यांची कॅमेऱ्याने पाहणारी गाडी खुर्च्यांनी भरलेली खोली सुमारे पाच तासांत कुणाच्याही मदतीविना पार करून गेली होती. त्या गाडीला मोटारगाडीसारखे वळण होते. नव्या जागी आल्यावर त्यांनी 'प्लुटो' हा रोबो आखला. त्याला तीन चाके होती आणि प्रत्येक चाक स्वतंत्रपणे फिरणारे आणि वळणारे होते. कागदावर याहून मोकळी चाल असू शकत नाही. प्रत्यक्षात तिन्ही चाकांचा मेळ बसवणे फार अवघड गेले. त्यांच्या दिशांत जराशी चूक झाली की चाके एकमेकांविरुद्ध जोर लावत. मग संशोधन पुढे नेण्यासाठी 'नेपच्यून' नावाची साधी तीनचाकी तयार केली गेली, आणि तिच्यावर काम सुरळीत चालले. पुढे 'युरेनस' या रोबोला इलॉन यांची चार तिरप्या रुळांची चाके बसवण्यात आली.

प्लुटोची कल्पना चुकीची नव्हती. त्या काळच्या मोटारी, संवेदक आणि संगणक यांना ती पेलवत नव्हती. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण स्पर्धेतील विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तोच लागू पडतो. यंत्रणा उत्तम असेल, पण ती आपल्याला, आपल्याजवळच्या साधनांनिशी आणि उरलेल्या दिवसांत पेलवेल काय, हे वेगळे पहावे लागते.

स्पर्धा सुरू झाल्या

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांचा उगम दोन ठिकाणी दिसतो. १९७० च्या दशकात एमआयटीत वूडी फ्लॉवर्स यांनी यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमात सर्व विद्यार्थ्यांना सारख्याच सटरफटर वस्तूंची पेटी देऊन तिच्यातून यंत्र बनवायला आणि शेवटी एकमेकांशी झुंजवायला लावले. जपानमध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मासाहिरो मोरी यांनी १९८१ मध्ये विद्यार्थ्यांची अशीच स्पर्धा सुरू केली. तिच्यातूनच जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेची १९८८ ची तंत्रविद्यालयांसाठीची 'रोबोकॉन' स्पर्धा निघाली. २००२ मध्ये टोकियोत आशिया-पॅसिफिक देशांची पहिली रोबोकॉन भरली आणि ती व्हिएतनामच्या संघाने जिंकली.

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली आणि फ्लॉवर्स यांच्या मदतीने शालेय विद्यार्थ्यांची स्पर्धा आखली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी ती प्रथम झाली. आज जगभरचे हजारो संघ तिच्यात भाग घेतात; मुंबईतील शालेय संघही तिच्यात उतरले आहेत. दर वर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. २०१९ पर्यंत रोबो बांधायला सहा आठवडेच मिळत.

या स्पर्धेत वर्षानुवर्षे टिकून राहिलेली यंत्रणा म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन रबरी चाके, आणि त्यांतले मधले चाक दोन-तीन मिलिमीटर खाली. मधले चाक खाली कशासाठी, हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. ढोबळ हिशेब असा : चार चाकांचा रोबो जागच्या जागी फिरतो तेव्हा ढकलणाऱ्या बलाची भुजा रुंदीच्या निम्मी असते, चाकांना आडवे फरफटवणाऱ्या घर्षणाची भुजा दोन आसांमधील अंतराच्या निम्मी असते. रुंदी ५० सेंटिमीटर आणि आसांमधील अंतर ६० सेंटिमीटर असेल, तर २५ विरुद्ध ३० असा सामना होतो. रोबो अडतो, उड्या मारतो, मोटारी तापतात. सहा चाकांत मधले चाक खाली असले की रोबो एका वेळी मधल्या आणि एका टोकाच्या चाकांवरच टेकतो. आसांमधील परिणामी अंतर ३० सेंटिमीटर होते, आणि सामना होतो २५ विरुद्ध १५. रोबो सहज वळतो. पकड मात्र पूर्ण राहते. दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने केवढा बदल होतो पहा.

मैदान बदलते तेव्हा

नियम दर वर्षी बदलत असल्याने ही स्पर्धा म्हणजे चालनयंत्रणांची एक मोठी प्रयोगशाळाच झाली आहे. तिच्यातील चार वर्षे विशेष उद्बोधक आहेत.

२००२ च्या खेळात मैदानात तीन मोठे, हलवता येणारे गोल होते. इंडियाना राज्यातील हॅमंड येथील संघाने वेगळाच विचार केला. तिन्ही गोल एकदा पकडले की पुढे वेगाची गरजच नाही. कुणी हलवू शकणार नाही एवढी पकड हवी. त्यांचा रोबो चाकांवर झपाट्याने जाऊन गोल पकडी, मग खाली तारांच्या ब्रशांचे पाय टेकवी आणि गालिच्यावर सुरवंटासारखा इंच इंच सरके. त्या वर्षी तो विजेत्या संघांत होता. आजच्या नियमांत गालिचा खराब करणारी अशी साधने चालत नाहीत.

२००९ मध्ये चंद्रावर माणूस उतरल्याला चाळीस वर्षे झाली, म्हणून नेहमीच्या गालिच्याऐवजी गुळगुळीत प्लास्टिकचे मैदान केले गेले आणि सर्वांना सारखीच कडक प्लास्टिकची चाके सक्तीची झाली. उद्देश असा की चंद्रावरच्या कमी गुरुत्वाचा अनुभव यावा. रबराच्या पकडीवर उभारलेला वर्षांचा अनुभव एका दिवसात निरुपयोगी ठरला. चाके वाढवून पकड वाढेल अशी आशाही फोल होती, कारण घर्षण अवलंबून असते ते पृष्ठभागांच्या जोडीवर आणि त्यांच्यावरील एकूण भारावर. चार चाके लावा की आठ, भार तेवढाच. मोटारींचा जोर एकदम न देता हळूहळू वाढवणारे संघ पुढे गेले, कारण चाक एकदा घसरू लागले की गतिज घर्षण स्थितिक घर्षणापेक्षा कमी पडते.

२०१५ च्या खेळात खोकी एकावर एक रचायची होती आणि प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला जाण्यास मनाई होती. म्हणजे कुणी ढकलणार नव्हते. मेकॅनमची एकूणएक उणीव त्या वर्षी बिनमहत्त्वाची ठरली आणि बारकाईने आडवे सरकण्याचा गुण मोलाचा ठरला. तिरप्या रुळांची आणि ओम्नी चाके मैदानात जिकडे तिकडे दिसू लागली.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, मैदानात किल्ल्याचे अडथळे आले : खंदक, दगडी बांध, खडबडीत जमीन. आदल्या वर्षीची नाजूक चाके त्यांच्यावर अडकून पडली असती. संघांनी हवा भरलेले मोठे टायर आणि पट्टे बाहेर काढले. होल्टच्या ट्रॅक्टरचा प्रश्न शंभरहून अधिक वर्षांनी शाळकरी मुलांसमोर पुन्हा उभा राहिला, आणि उत्तरही बरेचसे तेच निघाले. बारा महिन्यांत मुले तीच होती, मोटारी जवळजवळ त्याच होत्या. 'सर्वांत चांगली' चालनयंत्रणा मात्र उलटीपालटी झाली.

आपल्याकडील मैदाने

रोबोकॉन आणि आपला संबंध जवळचा आहे. २००८ ची आशिया-पॅसिफिक रोबोकॉन पुण्यात झाली आणि तिचा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी. २०१४ ची स्पर्धाही पुण्यातच झाली. तिच्यात 'पालक' रोबोने 'मुलाला' उचलून झोक्यावर आणि सीसॉवर न्यायचे होते. २०२२ ची स्पर्धा नवी दिल्लीत झाली आणि तिचा विषय होता लगोरी. देशपातळीवरची फेरी अनेक वर्षे पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत असे.

रोबोकॉनमध्ये सहसा प्रतिस्पर्ध्याला ढकलायचे नसते. नेमक्या जागी लवकर पोचून नेमके काम करायचे असते. २००८ च्या सुमाराच्या स्पर्धांत स्वयंचलित रोबो मैदानावरील पांढऱ्या रेषा पाहत पुढे जात. त्यांना दोन मोटारींची, लोगोच्या कासवाची चाल उत्तम जमे. माणसाने चालवायच्या रोबोंना, आणि पुढे गणनशक्ती वाढल्यावर स्वयंचलित रोबोंनाही, तीन-चार ओम्नी किंवा मेकॅनम चाके सोयीची ठरली. अमेरिकी स्पर्धेतील सहाचाकी गाडी इथे आणली असती तर तिची ताकद वाया गेली असती. उलट आपली ओम्नी चाके तेथील धक्काबुक्कीत टिकली नसती.

प्लुटोची कल्पनाही अखेर फळाला आली. प्रत्येक चाक फिरवणारी आणि वळवणारी 'स्वर्व्ह' यंत्रणा १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही धाडसी संघ घरी बनवत होते. तिला रबरी चाकांची पूर्ण पकड असते आणि सर्व दिशांना जाण्याची मोकळीकही. पण चार चाकांना आठ मोटारी लागतात, शिवाय प्रत्येक चाकाचा कोन मोजणारे संवेदक आणि बराच संगणकीय प्रोग्रॅम लागतो. २०२० नंतर तिचे तयार भाग आणि तयार प्रोग्रॅम सहज मिळू लागले आणि 'फर्स्ट' स्पर्धेतील बहुतेक आघाडीच्या संघांनी ती स्वीकारली. निवड संपली असे यावरून कुणाला वाटेल. पण पैसे, वजन आणि वेळ यांची किंमत आजही मोजावीच लागते. ज्या शाळेकडे दोनच चांगल्या मोटारी आहेत, तिने त्या दोन मोटारींचा उत्तम रोबो करावा.

वर्गात काय करता येईल

संघ चाके निवडायला बसला की शिक्षकांनी आधी चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. मैदानाचा पृष्ठभाग कसा आहे? कुणी ढकलणार आहे काय? आडवे सरकण्याची गरज सामन्यात किती वेळा पडेल? आणि रोबो तयार झाल्यावर चालवण्याच्या सरावासाठी किती दिवस उरतील? चौथा प्रश्न बहुतेक संघ विसरतात. अवघड यंत्रणा आदल्या रात्री पूर्ण करणाऱ्या संघाला चार माणसांच्या रणगाड्याची आठवण द्यावी.

यांतील बरेचसे खर्चाशिवाय करून पाहता येते. वर्गातील लांब बाक जागच्या जागी फिरवून पहा आणि मग तेवढ्याच वजनाचे स्टूल फिरवा; लांबीमुळे फरफट किती वाढते ते हातांना कळेल. लाकडी ठोकळा ताणकाट्याने फरशीवर, सतरंजीवर आणि प्लायवूडवर ओढून तिन्ही बले मोजा. ठोकळ्यावर वजन ठेवून पुन्हा मोजा. मग त्याच ठोकळ्याला आडवा आणि उभा ठेवून पहा. टेकलेले क्षेत्रफळ बदलले तरी बल जवळपास तेवढेच भरते हे मुलांना खरे वाटत नाही. त्यांनी ते स्वतः मोजले पाहिजे. एवढे झाले की विद्यार्थी आपणहून स्पर्धेची नियमपुस्तिका उघडतात आणि मैदान कशाचे केले आहे ते शोधू लागतात. चाकांची निवड तेथूनच सुरू व्हावी.